सुई टोचल्याची तारीख लिहून ठेवा

आमच्या वस्तीतल्या एक मावशी घंटागाडीवर कंत्राटी कामगार आहेत. पहाटे साडेपाचला निघतात आणि दुपारी दोनला परततात. एके दिवशी बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक काळी पिशवी उचलली आणि त्यांच्या तळहातात सुई घुसली. पिशवीत सलाईनच्या नळ्या होत्या, रक्ताळलेला कापूस होता, इंजेक्शनच्या सुया होत्या. जवळच्याच एका खासगी रुग्णालयाचा हा कचरा असावा, असे गल्लीतल्या दुकानदारांचे म्हणणे. मावशींनी मुकादमाला सांगितले. तो म्हणाला, "पाणी टाका, हळद लावा, आणि गाडी थांबवू नका." मावशींनी पाणी टाकले आणि गाडी थांबवली नाही.

काही महिन्यांनी त्यांची भूक गेली, डोळे पिवळे दिसू लागले. सरकारी रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा हिपॅटायटिस बी निघाला. आज त्यांच्यावर उपचार चालू आहेत आणि त्या सावरत आहेत. पण त्यांच्या मुलाने न्याय मागायला पायपीट सुरू केली तेव्हा प्रत्येक दाराने त्याला पुढच्या दाराकडे पाठवले. पोलीस ठाण्यात सांगितले, "हे प्रदूषणवाल्यांचे काम." नगरपालिकेत सांगितले, "दवाखान्याचा कचरा आमच्या अखत्यारीत नाही." मंडळाच्या कार्यालयात विचारले, "तारीख काय? फोटो आहे? पिशवीवर बारकोड होता?" मुलाने आईला तारीख विचारली. मावशी म्हणाल्या, "अशोक विजयादशमीच्या आधी दोन-तीन दिवस."

कागद घेऊन तो आमच्याकडे आला, तोवर त्या विजयादशमीला चौदा महिने उलटले होते.

वाचकहो, या पानावर आम्ही आजवर मधुमेह, रक्तक्षय, क्षयरोग, सिकलसेल यांवर लिहिले. या वेळी कायद्याच्या मुदतीवर लिहीत आहोत. आरोग्याच्या पानावर कायदा कशाला, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर मावशींच्या तळहातावर आहे. सुई टोचली त्या क्षणी दोन घड्याळे सुरू होतात, एक शरीराचे आणि दुसरे कायद्याचे. आपल्या माणसांना दोन्ही घड्याळांची माहिती नसते, म्हणून आपण दोन्हीकडे उशिरा पोहोचतो.

पहिले घड्याळ : शरीराचे

सुई टोचली की जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची. जखम पिळायची नाही, तोंडाने चोखायची नाही, तिच्यावर हळद, चुना, तंबाखू काहीही लावायचे नाही. आणि तडक सरकारी रुग्णालय गाठायचे. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. त्यानंतर त्यांचा उपयोग उरत नाही. ही औषधे २८ दिवस घ्यायची असतात आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती लगेच सुरू करायची. सोबत संरक्षक प्रतिद्रव्याचे इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टर ठरवतील. ते शक्यतो २४ तासांच्या आत द्यायचे असते.

एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याचा धोका हजारात साधारण तीन इतका असतो. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली तर हा धोका शंभरात सहापासून तीसपर्यंत जातो. हिपॅटायटिस सीचा धोका या दोहोंच्या मधला. भीती आपल्याला एचआयव्हीची वाटते, पण कचऱ्यातल्या सुईत जास्त टिकून राहतो तो हिपॅटायटिस बीचा विषाणू. वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. आणि त्याच्यावर खात्रीची लस आहे, तीन डोसांची, स्वस्त. म्हणजे मावशींचा आजार टाळता येण्यासारखा होता.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे दोन्ही घड्याळे एकमेकांना भेटतात. सुई टोचली त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यायची. त्या दिवशीचा अहवाल साहजिकच त्या सुईची लागण दाखवणार नाही. पण त्या दिवसापर्यंत माणूस निरोगी होता, हे तो सांगतो. नंतर दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे. मावशींची पहिल्या दिवशीची तपासणी झालीच नाही. त्यामुळे आज समोरचा वकील सहज विचारू शकतो, "हा आजार आधीपासून नव्हता कशावरून?" या प्रश्नाला आमच्याकडे कागदाचे उत्तर नाही. पहिल्या दिवसाची रक्ततपासणी हा उपचाराचा भाग आहे आणि पुराव्याचाही.

दुसरे घड्याळ : कायद्याचे

दवाखान्याच्या कचऱ्यासाठी आपल्या देशात २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आहेत. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली ते केलेले आहेत. त्याआधीचे नियम १९९८ चे होते. रक्ताळलेला कापूस, मानवी अवयव, मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत. नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया आणि धारदार वस्तू टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. पिशवीवर बारकोड असला पाहिजे. रक्ताळलेला कचरा प्रक्रियेशिवाय ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. तो सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीतच द्यायचा. हा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना आणि इतरांनाही हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकलेली आहे. चुकीच्या हाताळणीमुळे लोकांचे नुकसान झाले तर त्याला रुग्णालयच जबाबदार, हेही नियमांत लिहिलेले आहे.

नियम चांगले आहेत. पण ते मोडले तर कोण, कुठे आणि किती दिवसांत दाद मागू शकतो? गाडी अडते ती इथेच.

फौजदारी खटल्यांच्या मुदती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहेत. जुन्या संहितेत त्या कलम ४६८ मध्ये होत्या. हिशेब सोपा आहे. फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने. एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष. एक ते तीन वर्षे कैद असेल तर तीन वर्षे. त्याहून मोठ्या गुन्ह्याला या कलमाची मुदत नाही. निष्काळजीपणे जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल असे कृत्य करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खालचा गुन्हा आहे. त्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, म्हणून मुदत एक वर्ष. निष्काळजी कृत्याने दुखापत करणे, कलम १२५, यालाही तेवढीच शिक्षा आणि तेवढीच मुदत. मावशींच्या मुलाला कुणी 'मुदत संपली' म्हणाले ते या हिशेबाने.

पण तो हिशेब अर्धाच आहे. त्याच संहितेचे कलम ५१५ सांगते की गुन्हेगार कोण हे माहीत नसेल, तर तो कोण हे पीडित व्यक्तीला किंवा तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला ज्या दिवशी कळते, यांपैकी जे आधी घडेल, त्या दिवसापासून मुदत मोजायची. काळी पिशवी कुणाची हे त्या पहाटे मावशींना कसे कळणार? कलम ५१६ सांगते की कायद्याने आधी नोटीस किंवा मंजुरी लागत असेल तर तो काळ मुदतीतून वगळायचा. कलम ५१८ सांगते की गुन्हा चालूच असेल तर रोज नवी मुदत सुरू होते. आणि कलम ५१९ न्यायालयाला अधिकार देते की उशिराचे कारण पटले किंवा न्यायासाठी गरज वाटली तर उशीर माफ करावा. शिवाय २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सारा मॅथ्यू यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की मुदतीसाठी फिर्याद दाखल झाल्याचा दिवस धरायचा. न्यायालयाने तिची दखल कधी घेतली यावर फिर्यादीचे भवितव्य टांगता येणार नाही. तेव्हा ठाण्याच्या टेबलावर कुणी 'मुदत संपली' म्हटले म्हणून घरी परतू नका. मुदत संपली की नाही हे न्यायालय ठरवते, ठाणे अंमलदार नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे घड्याळ मात्र कडक आहे. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी अर्ज करायचा तर कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, आणि सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस. त्यानंतर दार बंद. पण नुकसानभरपाईचा अर्ज वेगळ्या कलमाखाली येतो आणि त्याला पाच वर्षांची मुदत आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असते. मावशींचे पहिले दार बंद झाले होते, दुसरे उघडे आहे. तेवढ्याच आशेवर आज त्यांचा कागद पुढे सरकतो आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तिथे भरपाईच्या अर्जाची फी भरावी लागत नाही, हेही सांगून ठेवतो.

दार कुणाचे, अधिकार कुणाचा

मुदतीइतकाच मोठा अडसर अधिकाराचा आहे. १९८६ चा पर्यावरण कायदा झाला तेव्हापासून त्यात अशी तरतूद आहे की न्यायालय आपण होऊन किंवा पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घेत नाही. फिर्याद सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने करायची. सामान्य माणसाला करायची असेल तर त्याने आधी किमान ६० दिवसांची नोटीस द्यायची. राज्यात दवाखान्यांच्या कचऱ्याचे नियम राबवण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाला ती पिशवी रोज डोळ्यांनी दिसते, पण या नियमांखाली खटला भरणे त्याच्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे तो अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो आणि त्याच्याकडे कारखाने, नाले, दगडखाणी असे सगळेच असते.

नमुन्याचेही असेच. कायद्याच्या दृष्टीने नमुना अधिकृत अधिकाऱ्यानेच घ्यायचा, संबंधिताला नोटीस देऊन, सीलबंद करून. हे केले नाही तर प्रयोगशाळेचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे मावशींच्या मुलाने ती पिशवी जपून ठेवली असती तरी ती कायद्याचा नमुना ठरली नसती, आणि घरात धोका आला असता तो वेगळाच. साठ दिवसांची नोटीस देऊन वाट पाहायची म्हटली तर कचरा कधीच डंपिंग ग्राउंडवर जाऊन जळून गेलेला असतो. मुदत पीडितेसाठी पळते आणि अधिकाऱ्यासाठी थांबते, असा हा उलटा कारभार आहे.

आता यात मोठा बदल झाला आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद काढून टाकली. १ एप्रिल २०२४ पासून नियमभंगाला १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती आहे, आणि भंग चालूच राहिला तर रोजचे १० हजार वेगळे. शास्ती ठरवणारा न्यायनिर्णय अधिकारी राज्यात सचिव दर्जापेक्षा खालचा असू शकत नाही. त्याच्याकडे मंडळच नाही तर कोणतीही व्यक्ती तक्रार करू शकते, आणि नोटीस काढल्यापासून सहा महिन्यांत त्याने चौकशी संपवायची आहे. शास्ती ९० दिवसांत भरली नाही तर मात्र तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या बदलाला आम्ही सरसकट वाईट म्हणत नाही. पाच वर्षांची कैद कागदावर होती, पण खटलाच उभा राहत नव्हता. पैशाची शास्ती लवकर बसली तर रुग्णालयाच्या हिशेबात ती दिसेल. थेट तक्रारीची सोय ही जमेची बाजू आहे. पण आमचे दोन प्रश्न आहेत. सचिव दर्जाचा अधिकारी आणि पहाटे साडेपाचला गाडीवर चढणारी बाई यांच्यात किती मैलांचे अंतर आहे? एक दिवस गेला तर तिची एक दिवसाची मजुरी जाते. आणि दुसरा प्रश्न, ही शास्ती जाते कुठे? ती पर्यावरण संरक्षण निधीत जमा होते. ज्या तळहातात सुई घुसली त्या तळहाताला त्यातला रुपयाही आपोआप मिळत नाही.

तीन महिन्यांचा कायदा

याच संदर्भात आपल्या समाजाला जवळच्या एका कायद्याकडे बोट दाखवले पाहिजे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा. गटार आणि सेप्टिक टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणाऱ्याला त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. दोन वर्षांची शिक्षा म्हटल्यावर सर्वसाधारण कायद्याने तीन वर्षांची मुदत मिळायला हवी. पण या कायद्याच्या कलम १० ने फिर्यादीला घटनेपासून फक्त तीन महिने दिले आहेत.

तीन महिने! घरातला कर्ता टाकीत गेल्यावर दिवसकार्य, कर्ज, मुलांची शाळा, कंत्राटदाराची दमदाटी आणि 'मिटवून घ्या'चे निरोप यांत तीन महिने कसे जातात हे त्या विधवेला विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी १० लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाईला न्यायालयाने हात दिला, पण गुन्हेगाराला शिक्षा व्हायच्या वाटेवर ती तीन महिन्यांची भिंत तशीच उभी आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मैला साफ करायला लावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे, २०१५ च्या दुरुस्तीने तो स्पष्टपणे घातला गेला. त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत असल्याने तिथे ही मुदत आड येत नाही. फिर्याद लिहिताना ते कलम लावण्याचा आग्रह धरा. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसाला हे संरक्षण नाही असे कुणी सांगितले तर १९९० च्या दुरुस्तीची आठवण द्या.

कचरा कोणत्या जातीच्या हातातून जातो, हे या देशात वेगळे सांगावे लागत नाही. ज्या गुन्ह्याचा बळी ठरलेल्या वस्तीतलाच असतो, त्याच गुन्ह्याची मुदत सर्वांत तोकडी असावी, याला आम्ही योगायोग म्हणायला तयार नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात तसे नसेलही. पण परिणाम तोच होतो, आणि आम्ही परिणाम मोजतो.

मुदत असूच नये का?

आमचे म्हणणे तसे नाही. मुदतीमागे न्यायाचाच विचार आहे. साक्षीदार विसरतात, कागद हरवतात, आणि वीस वर्षांपूर्वीच्या आरोपाची टांगती तलवार कुणाच्याही डोक्यावर ठेवणे बरे नाही. अधिकृत अधिकाऱ्याची अट घालण्यामागेही कारण आहे, नाहीतर कुणीही उठून छोट्या दवाखान्याला धमकावून पैसे उकळेल. आपल्याच समाजातले किती तरी डॉक्टर वस्त्यांमध्ये कर्ज काढून दवाखाने चालवतात. आपल्या मुली परिचारिका आहेत, आपली मुले वॉर्डबॉय आहेत. पिशव्या चुकल्या की साहेब सुटतात आणि वॉर्डबॉयवर बोट जाते, हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून आम्ही सूड मागत नाही. मुदत ज्याच्यासाठी मोजायची त्याला ती वापरता आली पाहिजे, आणि ज्या अधिकाऱ्याकडे अधिकार आहे त्याच्यावर तो वेळेत वापरण्याचे बंधन पाहिजे, इतकेच आमचे मागणे.

त्यासाठी आमच्या मागण्या अशा. पहिली, २०१३ च्या कायद्यातली तीन महिन्यांची मुदत वाढवून किमान तीन वर्षे करावी. दुसरी, दवाखान्याचा कचरा उघड्यावर दिसला तर स्वच्छता निरीक्षकाने ४८ तासांत मंडळाला लेखी कळवावे आणि त्याची प्रत तक्रारदाराला द्यावी, असे बंधन घालावे. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही, तर तक्रार तरी का साठवावी? तिसरी, न्यायनिर्णय अधिकाऱ्याची सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा दूरदृश्य पद्धतीने व्हावी. चौथी, सुई टोचणे हे सध्याच्या नियमांच्या व्याख्येत 'मोठा अपघात' नाही. मोठ्या अपघाताचा अहवाल २४ तासांत जातो, सुई टोचल्याची नोंद मात्र वर्षाच्या अहवालात. आणि टोचली ती व्यक्ती घंटागाडीवरची असेल तर रुग्णालय तिची नोंद कशाला करील? तिची नोंद कंत्राटदार आणि पालिका यांनी त्याच दिवशी घ्यावी. पाचवी, घंटागाडीवरच्या प्रत्येक कामगाराला हिपॅटायटिस बीची लस दिल्याचा दाखला दाखवल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल निघू नये.

आपण काय करायचे

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या हातात काही गोष्टी आहेत.

विहारात एक वही ठेवा. वस्तीतल्या कुणालाही कामावर सुई टोचली, टाकीत गुदमरले, कचऱ्यातून भाजले, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, मुकादमाचे नाव आणि दोन साक्षीदार लिहा. आपली माणसे दिवस जयंतीवरून, सणावरून, पावसावरून लक्षात ठेवतात. न्यायालयाला तारीख लागते. ती लिहिण्याचे काम वाचता-लिहिता येणाऱ्यांचे आहे.

पिशवीला हात लावू नका. ती घरी आणू नका. लांबून फोटो काढा. बारकोड, औषधाच्या बाटलीवरचे लेबल, चिठ्ठीवरचा शिक्का दिसेल असे काढा. रुग्णाचे नाव दिसत असेल तर तो फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका, फक्त तक्रारीला जोडा. त्या रुग्णाचा काही दोष नाही.

तक्रार तोंडी करू नका. एकच अर्ज लिहा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय, पालिका, पोलीस ठाणे आणि जिल्हाधिकारी या चौघांना द्या. प्रत्येकाकडून तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. म्हणजे 'आमचे काम नाही' म्हणणाऱ्याच्या हातातही कागद राहतो आणि तुमची मुदत वाचते. २०१६ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय देखरेख समिती असते. या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना तिच्यात जागा आहे. आपल्या किती संस्थांनी ती जागा मागितली?

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. आपल्या घराघरांत मधुमेह आहे, इन्सुलिनच्या सुया आहेत. त्या आपण कुठे टाकतो? घंटागाडीवरच्या बाईला रुग्णालयाची सुई टोचते तशीच आपलीही टोचते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत सुया साठवा, झाकण घट्ट लावा, बाटलीवर 'सुया' असे लिहा आणि गाडीवर वेगळी द्या, सांगून द्या. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला डबा पाहायला हवा.

मावशी आता पुन्हा कामावर जातात. घर चालवायचे तर जावेच लागते. परवा भेटल्या तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढून दाखवला. गाडीवरच्या एका नव्या मुलीला आठवड्यापूर्वी काच लागली होती. मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी शेजारच्या पोराकडून तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून घेतला होता आणि त्याच सकाळी मुलीला दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचे इंजेक्शन देववले होते. मुकादम ओरडला म्हणे. मावशी म्हणाल्या, "ओरडू दे. गाडी थांबली तर थांबली."

येत्या पौर्णिमेला वंदना झाली की तुमच्या विहारात ती वही सुरू करा. पहिल्या पानावर अर्ज कुठे द्यायचा ते चार पत्ते लिहा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा फोन नंबर लिहा. बाकीची पाने कोरीच राहोत, अशी आमची इच्छा आहे. पण लिहायची वेळ आली तर तारीख चुकू देऊ नका.

जयभीम.